अर्धा सूत

माझे वडील कोल्हापूरच्या उद्यमनगरात लेथवर होते. मिलिमीटर त्यांना वाचता यायचा, पण तोंडात कायम सूत. इंचाचे आठ सूत. "दोन सुताचा ड्रिल दे", "अर्धा सूत ठेवून काप, मग फिनिश मार." शाळा सुटली की मी डबा घेऊन कारखान्यात जायचो आणि त्यांचं जेवण होईपर्यंत भंगाराच्या पेटीतले तुकडे हातात घेऊन कुठला किती सुताचा ते ओळखायचो. चुकलं की ते नुसती मान हलवायचे. पुढं मी इंजिनिअर झालो, १९९१ साली अमेरिकेला गेलो, लॉस एंजेलिसच्या दक्षिणेला टॉरन्समध्ये नोकरीला लागलो आणि हा शब्द तोंडातून गेला. तो मला परत दिला एका जपानी माणसानं. त्यांनी दिलेलं एवढंच नाही. माझा आणि माझ्या लेकीचा जीवही त्यात धरावा लागेल.

त्यांना मी ओजिसान म्हणायचो. जपानीत काका.

गाडीपासून सांगतो, कारण गाडी नसती तर आमची गाठच पडली नसती. १९७२ सालची डॅटसन २४०-झेड. लांब नाक, आखूड पाठ, दोनच सीट, एका रांगेतले सहा सिलिंडर, २३९३ सीसी, आणि वजन हजार किलोंच्या थोडं वर. जपानात हिचं नाव फेअरलेडी झेड. अमेरिकेत निसानचा कारभार पाहणाऱ्या युताका कातायामांना ते नाव पटलं नाही. इथं पोचलेल्या गाड्यांवरचे फेअरलेडीचे बिल्ले काढून त्यांनी २४०-झेडचे लावायला लावले. १९७० च्या मॉडेलची किंमत होती ३५२६ डॉलर. तेवढ्या पैशांत अशी गाडी त्या वेळी दुसरं कोणी देत नव्हतं, आणि कॅलिफोर्नियातली माणसं तिच्यावर अजून जीव टाकतात ते उगाच नाही. माझी मी १९९३ साली एका शेजाऱ्याकडून घेतली तेव्हा ती एकवीस वर्षांची होती. रंग उडालेला, पण पत्रा शाबूत.

हिच्या पुढच्या चाकांना डिस्क ब्रेक, मागच्यांना ड्रम. बिडाचे नव्हेत, बाहेरून पात्या असलेले ॲल्युमिनियमचे सुरेख ड्रम. मला वाटलं, ब्रेक अजून जोरदार हवेत. त्या काळी झेडवाल्यांत एक बदल सर्रास चालायचा, अजूनही चालतो. टोयोटाच्या फोर-व्हील-ड्राइव्ह पिकअपचे चार पिस्टनचे कॅलिपर पुढं जवळजवळ जसेच्या तसे बसतात. मागचा धूळ अडवायचा पत्रा तेवढा कापावा लागतो. मी ते बसवले. ब्रेक लागायचे, पण पेडल पूर्वीपेक्षा खोल जायला लागलं.

ते का, हे नीट सांगायला हवं. मास्टर सिलिंडर म्हणजे पेडलापुढची पिचकारी. पाय दाबला की तिच्यातलं तेल बारीक नळ्यांतून चारी चाकांपाशी जातं आणि तिथले पिस्टन पॅडना दाबतात. चाकापाशी पिस्टन मोठे केले की त्यांना तेल जास्त लागतं, म्हणून पिचकारीचा दट्ट्या लांबवर ढकलावा लागतो. यावर लोकांनी उपाय शोधला होता: पिचकारीच जाड घ्यायची. माझ्या गाडीचा मूळ मास्टर सिलिंडर सात अष्टमांश इंचाचा. १९७९ ते १९८१ च्या २८०-झेडएक्सचा पंधरा सोळांश इंचाचा. तीच कंपनी, त्याच घराण्यातली पुढची गाडी, पायाच्या जोराला मदत करणाऱ्या बूस्टरला धरणारे बोल्टही जुळतात. दोन्हींत फरक फक्त एक सोळांश इंचाचा. पण भोकाचं क्षेत्रफळ व्यासाच्या वर्गात वाढतं. सातचं ३८८ चौरस मिलिमीटर, तर याचं ४४५. म्हणजे पायाच्या तेवढ्याच हालचालीत शेकडा पंधरा तेल जास्त जातं, आणि तेवढाच दाब आणायला पायाचा जोरही शेकडा पंधरा जास्त लागतो. झेडएक्सला तो जाड सिलिंडर दिला त्याला कारण होतं: तिच्या मागच्या चाकांनाही डिस्क, त्यामुळे तेलाची गरज जास्त, आणि गाडी जड. हा हिशेब मी कागदावर करून पाहिला होता. चुकलो ते हिशेबाच्या पुढच्या कामात.

विल्मिंग्टनच्या भंगार यार्डातून मी झेडएक्सचा सिलिंडर काढून आणला, आतली भिंत होन केली, नवे रबरी कप घातले. लेथवाल्याचा मुलगा असल्यानं हे काम मला मनापासून आवडलं. अंगावर 'एफ' आणि 'आर' ही अक्षरं ओतलेली असतात, पुढची नळी कुठली आणि मागची कुठली ते त्यांवरून कळतं. ती पाहून नळ्या जोडल्या. हवा काढली. पेडल दगडासारखं घट्ट लागलं. गाडी गल्लीत फिरवली. उत्तम.

दुसऱ्या शनिवारी मी पाच वर्षांच्या लेकीला शेजारी बसवून पॅलोस व्हर्डिसची टेकडी चढून-उतरून आलो आणि गार्डेनाला जपानी किराणा दुकानासमोर थांबलो. पुन्हा निघायला गिअर टाकला, तर गाडी जागची हलेना. ॲक्सिलरेटर दाबला तशी हलली, पण मागून कोणी दोरी बांधून ओढावं तशी. जळक्या केसांसारखा वास येत होता. मला वाटलं, क्लच.

एक साठीचे गृहस्थ हातातली पिशवी खाली ठेवून गाडीपुढं उभे राहिले आणि तळहात आडवा धरून म्हणाले, "गाडी हलवू नका."

मी खाली उतरलो. त्यांनी पुढच्या चाकाजवळ हात नेला, रिमला न लावता दोन बोटं अंतरावर धरला आणि मागे घेतला. मग बॉनेट उघडायला सांगितलं. पाहिलं आणि विचारलं, "सिलिंडर झेडएक्सचा?" मी हो म्हणालो. "दांडा मोजला होता?" मला प्रश्नच कळला नाही.

ते त्यांच्या पिकअपपाशी गेले, एक पाना घेऊन आले. सिलिंडर बूस्टरला धरणारे जे दोन नट असतात ते त्यांनी दोन-दोन वेढे सैल केले. नुसते सैल, काढले नाहीत. सिलिंडर पुढं सरकलेला दिसलासुद्धा नसता, इतका थोडा सरकला. मग म्हणाले, "आता ढकला." मी दरवाज्याच्या खांबाला हात लावून ढकललं. गाडी पाळण्यासारखी सरकली.

तो क्षण मी विसरू शकत नाही. लेक खिडकीतून बघत होती. तिला वाटलं, या आजोबांनी जादू केली.

जादू नव्हती, आणि त्यांनी ती मला तिथंच उभ्या उभ्या समजावली. पाय काढला की दट्ट्या पूर्ण मागे यायला हवा. तो मागे आला की सिलिंडरच्या भिंतीतलं एक छिद्र उघडं पडतं, सुईनं पाडल्यासारखं बारीक. तापून फुगलेलं तेल त्यातून वरच्या डबीत परत जातं. बूस्टरमधून येणारा दांडा जर केसभर लांब असला, तर तो दट्ट्याला मागे येऊ देत नाही आणि ते छिद्र झाकलेलंच राहतं. तेल तापलं, फुगलं, जायला वाट नाही, म्हणून ते पॅडना दाबतं. त्यानं आणखी तापतं, आणखी दाबतं. गल्लीत हे कळत नाही, कारण तापायला वेळ मिळत नाही. टेकडी उतरताना कळतं. शेवटी चाकाजवळचं तेल उकळतं, त्याची वाफ होते, वाफ दाबली तर दबते, आणि पेडल फरशीला टेकतं.

"अजून पाच मैल," ते म्हणाले आणि लेकीकडे बघून गप्प झाले.

टो-ट्रकनं गाडी त्यांच्या घरामागच्या गॅरेजमध्ये गेली, कारण त्यांनी ती माझ्या घरी नेऊच दिली नाही. ते जपानहून १९६९ साली आलेले मेकॅनिक. या गाडीचे ब्रेक त्यांनी ती नवी कोरी असल्यापासून उघडले होते. आता निवृत्त होते. गॅरेजच्या भिंतीवर प्रत्येक हत्याराची खडूनं काढलेली आकृती, आणि प्रत्येक हत्यार आपापल्या आकृतीत. तसं गॅरेज मी नंतर कुठं पाहिलं नाही.

त्यांनी लेकीला विचारलं, "तुझ्याकडे खेळायची माती आहे?" पुढच्या शनिवारी ती निळी माती घेऊन आली. त्यातली वाटाण्याएवढी गोळी त्यांनी दट्ट्याच्या तोंडाशी असलेल्या खळग्यात ठेवली, सिलिंडर बूस्टरला लावला, नट आवळले, परत सोडले. गोळी दांड्याखाली जिथं चेपली होती तिथं ती कागदाइतकी पातळ झाली होती. म्हणजे जागाच उरली नव्हती. सातच्या सिलिंडरच्या खळग्याची खोली वेगळी, याची वेगळी. बोल्ट जुळतात म्हणून आपण समजतो की सगळं जुळलं. दांड्याच्या टोकाचा स्क्रू त्यांनी माझ्याकडून आत फिरवून घेतला, थोडा फिरवायचा, पुन्हा माती, पुन्हा मोजणी. चार वेळा. चौथ्या वेळी त्यांनी मातीची चकती चिमटीत धरून उजेडाकडे केली आणि मान हलवली. ती हलवणी वडिलांच्या हलवण्याच्या उलट दिशेची होती.

त्याच दिवशी दोन्ही सिलिंडर ओट्यावर शेजारी ठेवून ते बोटानं दाखवत म्हणाले, "हा सात बु, हा साडेसात बु." मी विचारलं, बु म्हणजे? त्यांचे वडील नळकाम करायचे. जपानात सुताराचा एक बु असतो, साधारण तीन मिलिमीटरचा. पण नळवाले इंचाच्या नळाला बु म्हणतात तेव्हा तो इंचाचा आठवा भाग असतो. अर्ध्या इंचाचा नळ म्हणजे चार बु.

मी म्हणालो, आमच्याकडे त्याला सूत म्हणतात. सात सूत. साडेसात सूत.

"सुतो," ते म्हणाले. जपानी जिभेला 'न' सोडला तर शब्द व्यंजनावर संपवता येत नाही. त्यानंतर आमच्या दोघांत इंच कधी आला नाही.

पुढच्या महिन्यात मी पुन्हा घोळ घातला, तोही सांगायला हवा. दांडा अजून नीट करावा म्हणून मी घरी सिलिंडर उतरवला आणि दांडा बूस्टरमधून सरळ बाहेर ओढला. परत घातला. आता ब्रेकला पाय नुसता लागला की गाडी हिसका देऊन थांबायची. अंड्यावरून चालल्यासारखी चालवत मी ओजिसानकडे गेलो. त्यांनी पेडल एकदा दाबलं आणि विचारलं, "दांडा ओढलास?" बूस्टरच्या पोटात त्या दांड्याच्या बुडाशी रबराची एक चकती असते, नाण्याएवढी. पायाला ब्रेकचा अंदाज येतो तो तिच्यामुळे. पाय जितका दाबाल तितकीच मदत बूस्टरनं करावी, हे ती चकती ठरवते. दांडा ओढला की ती निसटून आत पडते. कोणाला दिसत नाही, आवाज होत नाही.

त्यांनी ती स्वतः काढून दिली नाही. चहा केला, स्टूल घेऊन माझ्याशेजारी बसले, आणि तारेच्या आकड्यानं ती बाहेर काढून, दांड्याच्या बुडाला ग्रीसचा ठिपका लावून, चकती चिकटवून पुन्हा जागेवर नेईपर्यंत अडीच तास उठले नाहीत. तीनदा ती पडली. एकदाही "आण इकडे" म्हणाले नाहीत. शिकवणं म्हणजे हात आवरून बसणं हे मला माहीत होतं, कारण वडील तसेच होते. पण परक्या माणसानं परक्याच्या पोरासाठी शनिवारची दुपार अशी घालवावी, याला माझ्याकडे ऋणानुबंधाखेरीज दुसरा शब्द नाही.

पैशांचा विषय मी दोनदा काढला. दोन्ही वेळा त्यांनी ऐकू न आल्यासारखं केलं. मागितलं ते एकच: "ब्रेकला हात लावलास की गाडी रस्त्यावर नेण्याआधी चारी चाकं उचल. पेडल दाब, सोड, मग प्रत्येक चाक हातानं फिरव. अडलं तर नेऊ नकोस."

एकदा त्यांनी विचारलं, "सातानं तुझं काय अडलं होतं?"

मी म्हणालो, पेडल खोल जात होतं.

"का?"

कॅलिपर मोठे बसवले म्हणून.

"ते का?"

ब्रेक जोरात लागावेत म्हणून.

"मूळच्या कॅलिपरनं चाकं लॉक होत नव्हती?"

होत होती. जोरात दाबलं तर नक्कीच होत होती. चाक लॉक होतं म्हणजे ब्रेकचा जोर टायरच्या पकडीपेक्षा आधीच जास्त आहे. त्यावर आणखी जोर घालून गाडी लवकर थांबत नाही. उलट पुढचे ब्रेक जड झाले की मागच्या ड्रमांच्या वाट्याला काम कमी येतं आणि पुढची चाकं आधी अडकतात. रेसच्या ट्रॅकवर मैलोन् मैल ब्रेक मारणाऱ्याची गोष्ट वेगळी, त्याला उष्णता पेलणारं सामान लागतं. मी तर लेकीला शाळेत सोडत होतो. हे सगळं मला समजलं, आणि तरी मी ते बदललं नाही. एवढा खटाटोप करून बसवलेलं काढायला मन होईना. त्यांनी पुन्हा विचारलं नाही. जुना सात सुताचा सिलिंडर त्यांनी आपल्या फळीवर ठेवून दिला.

१९९८ साली वडील आले. आयुष्यात पहिल्यांदा विमानात बसले होते. डिस्नेलँड दाखवलं, समुद्र दाखवला. ते हो हो म्हणाले. मग एका शनिवारी त्यांना ओजिसानच्या गॅरेजमध्ये नेलं आणि तिथं त्यांचा चेहरा उघडला. खडूच्या आकृत्यांसमोर ते हात मागे बांधून फिरले, देवळात फिरावं तसे. ओजिसाननी वाकून नमस्कार केला, त्यांना 'ओतोसान' म्हणाले, म्हणजे वडील, आणि फळीवरचा तो सिलिंडर त्यांच्या हातात दिला. माझ्या गाडीचा नव्हे, पण झेडएक्सचा आणखी एक तिथं होता, तोही दिला. वडिलांनी चष्मा लावला नाही. एकाच्या तोंडात अंगठा घातला, फिरवला. दुसऱ्याच्या तोंडात घातला.

"ह्यो सात सुताचा. आन् ह्यो साडेसात."

मी भाषांतर करायच्या आत ओजिसाननी सात बोटं वर केली, आठवं अर्ध्यात दुमडून. वडील हसले. त्यांचे वरचे दोन दात पडलेले होते, ते दिसले. मग माझ्याकडे वळून म्हणाले, "तुझ्या गाडीत मोठा कशापायी बसीवलायस रं? लहानानं भागत नव्हतं व्हय?"

हे मी ओजिसानना सांगितलं तेव्हा त्यांनी वडिलांचा हात आपल्या दोन्ही हातांत धरला. बराच वेळ धरला. एकाला मराठी येत होतं, एकाला जपानी आणि मोडकं इंग्रजी. त्या दिवशी ते दोघं तीन तास त्या गॅरेजमध्ये होते आणि मी बहुतेक वेळ बाहेर उभा होतो, कारण माझी गरज नव्हती.

वडील २००३ साली गेले. मी पोचेपर्यंत सगळं उरकलं होतं. परत आल्यावर ओजिसानकडे गेलो, तर ते काही बोलले नाहीत. ओट्यावर एक कार्ब्युरेटर उघडून पडला होता, तो माझ्यापुढं सरकवला आणि घासायला ब्रश दिला. संध्याकाळपर्यंत घासला.

२००७ साली भारतातून आंबा अमेरिकेत यायची बंदी उठली. त्या वर्षी आलेली हापूसची एक पेटी मी धरून आणली, भलती महाग पडली, आणि अख्खी त्यांच्या दारात ठेवली. चौदा वर्षं मी त्यांना काही देऊ पाहत होतो, ते पहिल्यांदा त्यांनी घेतलं. आंबा त्यांनी कापला नाही. मी सांगितलं तसा मऊ करून, देठाकडून चोखून खाल्ला, आणि कोय दोन्ही बाजूंनी नीट बघितली.

२००९ च्या हिवाळ्यात ते गेले. अंत्यविधीनंतर काही आठवड्यांनी त्यांच्या पत्नीनं मला बोलावून एक खोकं दिलं. वर माझं नाव, त्यांच्या हातच्या मोठ्या, सुट्या अक्षरांत. आत 'राफू शिंपो' वर्तमानपत्रात गुंडाळलेला माझा जुना सात सुताचा सिलिंडर. त्यांनी तो कधीतरी उघडून, भिंत घासून, नवे कप घालून तयार ठेवला होता. दोन्ही तोंडांना रबरी बुचं. सोबत प्लास्टिकच्या पिशवीत लेकीच्या निळ्या मातीची चकती, तीच, चौथ्या मोजणीची. वाळून तिला तडे गेले होते.

मूळचे कॅलिपर मी टाकून दिले नव्हते. २०१० च्या मे महिन्यात मी टोयोटाचे कॅलिपर उतरवले, मूळचे दुरुस्त करून बसवले, साडेसातचा काढला, सातचा लावला. दांडा पुन्हा मोजला, कारण खळगा बदलला होता. लेक तोवर एकवीस वर्षांची झाली होती, हवा काढताना पेडलावर तीच बसली. चारी चाकं जॅकस्टँडवर उचलली. तिनं पेडल दाबलं, सोडलं, आणि मी एकेक चाक हातानं फिरवलं. चारही फिरली. तेव्हापासून गाडीत तोच सात सुताचा सिलिंडर आहे.